ब्रेकची हवा काढली ती रात्र

दिवा राहू दे तसाच, मोठा करू नका. आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. ज्याला भीती वाटेल त्याने आत्ताच आत जाऊन झोपावं, नंतर माझ्या नावाने बोंब मारायची नाही. ही गोष्ट ऐकीव नाही. आमच्या मागच्या गल्लीतला फिटर माहीत आहे ना, पाण्याचे पंप दुरुस्त करतो तो? त्याच्या घरी घडलं हे. गेल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी.

त्या संध्याकाळी फिटर ब्रेक ऑईलचा डबा आणायला बाहेर पडला. येताना बायकोसाठी केळी घेतली, कोपऱ्यावर कोणाशी तरी चार शब्द बोलला आणि रमतगमत घरी आला. डबा हवा होता एका जुन्या गाडीसाठी. ती त्याने भंगाराच्या भावात उचलली होती. एका बंद पडलेल्या लॉजच्या मागे वर्षानुवर्षं उभी होती बिचारी. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, तळ गंजून चाळण झालेला, चारही टायर बसलेले. बायकोने गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

पण फिटर हट्टाला पेटला होता, आणि त्याला कारण होतं. पहिल्या खेपेला बायकोला रात्री कळा सुरू झाल्या, अँब्युलन्स वेळेवर आली नाही आणि मूल हातचं गेलं. आता दुसऱ्यांदा तिचे दिवस भरत आले होते. या वेळी कोणाच्या भरवशावर बसायचं नाही, दारात स्वतःची गाडी पाहिजे, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. रोज कामावरून आला की गाडीखाली. टाकी उतरवून खरवडून धुतली, वायरी बदलल्या, तळाला पत्र्याची ठिगळं मारली. इंजिन एकदाचं खोकत खोकत सुरू झालं. राहिले होते फक्त ब्रेक.

ब्रेकची हवा काढणं, म्हणजे तेलाच्या नळीत अडकलेली हवा बाहेर घालवणं, हे एकट्याचं काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी असलेलं निपल, म्हणजे पोकळ बारका स्क्रू, सैल करायचं, म्हणजे तेलाबरोबर हवा फसकन बाहेर पडते. मग निपल आवळायचं, आणि ते आवळल्यावरच आतल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा पुन्हा आत आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दोघं एकमेकांना ओरडून सांगतात. दाब. धरलं. सोड.

पण आत बसायला होता कोण? मेहुणा. बहिणीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिलेला. आणि या दोघांतून विस्तव जात नव्हता. त्या रात्री जेवतानाच जुंपली.

"माझ्या ताईला या खटाऱ्यात बसवणार तुम्ही?" मेहुणा म्हणाला. "एक जीव घालवलात तेवढा पुरे नाही झाला का?"

फिटरने ताट बाजूला सारलं. "तोंड आवर. माझ्या घरात बसून मला शिकवू नकोस."

"पेडल दाबीन मी, ताईसाठी. पण तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही."

"नको बोलूस! तुझा आवाज ऐकायला कोण आसुसलंय?"

मग काय, दोन शहाण्यांनी खुणा ठरवल्या. फिटरने चाकामागच्या लोखंडी ब्रेक-ड्रमवर पाना एकदा ठोकला की दाबायचं. मेहुण्याने मोकळ्या पायाने तळ ठोकला की समजायचं, धरलंय. पाना दोनदा वाजला की सोडायचं. बोलायचं काम नाही.

घराला लागूनच पत्र्याची शेड होती. एकाच भिंतीपलीकडे बायकोची खोली. गाडीची चाकं काढून ती लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, वर वायरीला लोंबता बल्ब. साडेनऊला काम सुरू झालं. पेडलपासून सगळ्यात लांबचा म्हणून मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक आधी.

ठण... थोडा वेळ गेला, मग आतून ठक. फिटरने निपल सोडलं, फस्स. आवळलं. ठण ठण. पुन्हा ठण... ठक.

मेहुणा रडतखडत दाबत होता. एकेका खुणेला झोपेतून उठल्यासारखा. फिटर मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उजव्या बाजूला सरकला. पण तिथे मात्र काम झकास होऊ लागलं. ठण केलं की लगेच ठक. पेडलला जोरही असा की तेल पिचकारीसारखं उडायचं. रुसला तरी गडी कामाला चोख आहे, असं फिटरला वाटलं. त्याला जरा वाईटही वाटलं. काम झालं की आपणच आधी बोलावं, असं त्याने ठरवलं.

मग गाडी मागच्या बाजूला किंचित दबली. ठोकळा करकरला.

फिटरने लक्ष दिलं नाही. ठण.

ठक.

त्याने निपल सैल केलं. आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"ताई! अगं, काय होतंय? ताई!"

मेहुण्याचा आवाज. खोलीतून.

फिटर गाडीखाली तसाच पडून राहिला. हातात पाना. कोपरावरून तेल ओघळत होतं.

"आत... कोण आहे?"

...

ठक.

त्याने पाना वाजवला नव्हता.

कसंबसं निपल आवळलं त्याने. पाना हातातून सुटला, गाडीखाली गेला. तो खुरडत बाहेर आला. दार उघडं. सीट रिकामी. आणि ब्रेकचं पेडल... तळाला टेकलेलं. वर येत नव्हतं.

तो घरात धावला. बायको पलंगावर कमान झालेली, चेहरा पांढराफटक.

"अहो, पाय... कोणीतरी पोटावर पाय दिलाय... काढत नाही हो..."

मेहुणा भांडण विसरला होता. "भाऊजी, तिने हाक मारली म्हणून मी मघाशीच उठून आलो. तुमचा पाना एकदा वाजला की तिला कळ येते. दोनदा वाजला की थांबते. आधी मला वाटलं, मलाच भास होतोय. अँब्युलन्सला फोन केलाय, पण आता ही कळ थांबतच नाही!"

फिटरला आठवलं. शेवटचा ठोका एकच होता. 'सोड'ची खूण द्यायची राहिली होती.

तो परत शेडमध्ये गेला. जावंच लागलं, पोरांनो. पाना गाडीखाली, अगदी मधोमध. तो पोटावर सरपटत आत घुसला. वर गाडीच्या तळाचा पत्रा. पत्र्यावर कोणीतरी सावकाश हललं. ठोकळे करकरले. तळ खाली आला... त्याच्या पाठीला टेकला. त्याने हात लांबवला. पाना सापडला. तिथूनच ड्रमवर हाणला.

ठण.

हात तेलाने बरबटलेला. पाना निसटला.

एकच ठोका.

भिंतीपलीकडे बायको अशी किंचाळली की तो आवाज आजही कानात येतो म्हणतो. पाठीवरचा पत्रा आणखी खाली आला. श्वास घेता येईना. तो चाचपडत होता. माती. तेल. माती. पाना! दोन्ही हातांनी धरला.

ठण. ठण.

...

काही नाही.

मग आत, सीटची स्प्रिंग वाजली. पेडल वर आलं. हळू. अगदी हळू. कोणाच्या तरी मनात नसताना.

भिंतीपलीकडची किंकाळी थांबली.

अँब्युलन्स या वेळी आली. पहाटेच्या आत मुलगी झाली, धडधाकट, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. फिटर आणि मेहुणा बाहेरच्या बाकावर एकमेकांचा हात धरून लहान पोरांसारखे रडले. गाडी दुसऱ्याच दिवशी भंगारात गेली. समोर उभं राहून फिटरने तिचे तुकडे करून घेतले.

नर्सने बाळाला पुसायला पालथं केलं तेव्हा पोरीच्या पाठीवर पाच निळसर डाग होते. एका रांगेत, एक मोठा, पुढे लहान लहान होत गेलेले. मोठ्या माणसाच्या उजव्या पायाची बोटं असावीत तसे. डॉक्टर म्हणाले, जन्मखूण आहे, वर्षभरात जाईल.

पोर आता वर्षाची झाली. परवाच मी तिला मांडीवर घेतलं होतं, झबलं जरा वर सरकलं. डाग गेलेले नाहीत.

आणि खाली, कमरेपाशी... आता टाच उमटायला लागलीय.