चौथ्या सीटचं वजन

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण माझ्या मामाला बाता मारायची सवय नाही, आणि हे त्याच्यासोबत घडलंय. रात्र नव्हती, अंधार नव्हता... भर दुपार होती. धक्क्यावरच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता, असं ऊन.

मामा पर्यटकांच्या पाणबुडीवर मेकॅनिक होता. छोटीशी, चार सीटची, पुढे काचेचा घुमट. लोक तिकीट काढून मासे बघायला खाली जायचे. त्याआधी प्रत्येकाचं वजन करायचं आणि त्या हिशोबानं शिशाच्या विटा काढायच्या नाहीतर भरायच्या, हे मामाचं काम. घुमटाखालच्या पांढऱ्या रेघेला पाणी टेकलं की झालं.

पण रेघ बुडायची.

रोज बुडायची. आत एक माणूस जास्त असावा तशी.

"तुला साधी बेरीज येत नाही का रे?" मालक सगळ्यांदेखत ओरडायचा. मामाचं डोकं फिरायचं. त्यानं काटा बदलला. टाक्या तपासल्या. एका माणसाच्या विटा कमी करून पाहिल्या, तर त्या दिवशी ते जास्तीचं वजन वाटेतच नाहीसं झालं, पाणबुडी अर्ध्यातूनच बुचासारखी वर उसळली आणि पर्यटक एकमेकांच्या अंगावर पडले! रिकामी सोडली की मात्र शहाण्या मुलीसारखी तरंगायची.

माणसं आत बसली की... पुन्हा खाली.

"अहो, तुमचंच पोट धरायला विसरत असाल," मामी म्हणायची. मामाला हसूही येईना.

त्या दुपारी तपासणीचे साहेब येणार होते. मालकानं बजावलं, "आज रेघेला पाणी लागलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

मामा आत बसला. सोबत पाणबुडीचा जुना चालक. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. दोघंच. मागच्या दोन्ही सीट रिकाम्या. झाकण लावलं.

रेघ बुडाली.

"झालं कल्याण!" मामानं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात मागून आवाज आला... कट्.

मामानं वळून पाहिलं. चौथ्या सीटचा पट्टा लागलेला होता. शेजारच्या काचेवर वाफ धरत होती... विरत होती... पुन्हा धरत होती.

कप्ताननं मान वळवलीच नाही.

"तुला माहीत होतं?" मामानं विचारलं.

"ही आधी सुटकेची गाडी होती," कप्तान हळूच म्हणाला. "नंतर हिनं तेलाचे पाइप तपासले, मग संशोधक नेले, आता हे मासे. पण आधी सुटकेची. तळाशी अडकलेल्या मोठ्या पाणबुडीतून आम्ही माणसं वर काढत होतो. एक जण उरला. जागाच नव्हती. मी त्याला म्हणालो, पुढच्या फेरीत नेतो."

"मग?"

"वर वादळ सुटलं. पुढची फेरी झालीच नाही."

दुसरा कुणी असता तर गार पडला असता. मामा पेटला. इतक्या दिवसांच्या शिव्या एकदम बाहेर आल्या.

"अरे बाबा, मग आतापर्यंत किती वेळा वर आलास! उतर ना एकदाचा! माझ्या पोटावर का पाय देतोस? चल, मी सोडतो तुला घरी!"

असं म्हणून त्यानं रागारागानं झाकण ढकलून उघडलं.

कट्. पट्टा सुटला.

शिडी करकरली... पाणबुडी किंचित वर आली. पाणी बरोबर रेघेला.

साहेबांनी सही केली. मालक चक्क हसला. मामाची नोकरी वाचली.

संध्याकाळी मामानं स्कूटर काढली, तर मागचं चाक बसलेलं. हवा भरली, तरी चढावर ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. इंजिन उघडलं, टायर बदलले, काही उपयोग नाही.

रविवारी मामा आमच्याकडे आला. सगळं सांगितलं. वैतागून रडकुंडीला आला होता बिचारा.

"घरी सोडतो म्हणालो, पण घर कुठं ते विचारलंच नाही रे! कप्तानलाही त्याचं गाव माहीत नाही."

मला हसू आवरेना. म्हटलं, "एवढंच ना? त्याला माझ्या गाडीत पाठव. मी एकटाच तर जातो रोज."

मामा हसला नाही.

तो निघाला तेव्हा मी खिडकीत होतो. स्कूटर आमचा चढ भुर्रकन चढून गेली.

सकाळी मी ऑफिसला निघालो. गाडी सुरू केली. स्वतःचा पट्टा लावला.

तरी गाडी वाजायला लागली. टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजते तशी. सीट रिकामी होती. माझी बॅगसुद्धा मागे होती.

मी हललो नाही.

कट्.

आवाज थांबला. बाजूच्या काचेवर वाफ धरली.

त्याला आता दोन आठवडे झाले. मी रोज गाडी सुरू करतो, आणि रोज तो पट्टा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, सीटचा सेन्सर ठीक आहे. मामा फोन उचलत नाही.

काल मी विचारलं त्याला, मोठ्यानं, अगदी हात जोडून. "बाबा रे, सांग तरी, कुठं सोडू?"

काच पुसली गेली... पुन्हा वाफ धरली... उत्तर काही आलं नाही.