शून्य लिटर

नीरानगरच्या जलकक्षात त्या सकाळी पेढे वाटले जात होते. धरणातून पाणी उचलायला लागणारी वीज शहराने निम्म्यावर आणली होती आणि ते बघायला दिल्लीहून पाहुणे येणार होते. कौतुकाची खरी मानकरी मुख्य अभियंता वसुधा किल्लेदार. तिने घडवलेला 'तहानगणक' घराघरांतल्या नळांच्या नोंदी वाचून प्रत्येक घराची पुढच्या दहा दिवसांची गरज सांगे, आणि तेवढंच पाणी सोडलं जाई. एक तांब्याही जास्त नाही.

वसुधाच्या हातातला पेढा तसाच होता. फेब्रुवारीत तिचे वडील गेले. एकटे राहायचे, दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा कळलं. "अचानक झालं, कोणाला कळणार होतं?" असं सगळे म्हणाले, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर ती दिवस ढकलत होती.

फैयाज मुजावर, तिचा आकडेतज्ज्ञ सहकारी, आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. "मॅडम, शून्याच्या नियमाबद्दल बोलायचं होतं."

राहत्या घराची गरज तहानगणकाने शून्य लिटर सांगितली, तर ती चूक समजायची, असा तो नियम. मीटर अडकला असणार. त्या घराला नेहमीएवढं पाणी सोडायचं आणि फिटर धाडायचा. पाणीखात्यात जन्म गेलेल्या कोणीही हेच केलं असतं. नियम वसुधानेच लिहिला होता.

"वर्षभरात चारशे बारा शून्यं आली," फैयाज म्हणाला. "मीटर एकही अडकलेला नव्हता."

"मग गणक चुकला."

"नाही ना. मी मृत्युनोंदी लावून बघितल्या. सगळी एकट्या माणसांची घरं. त्यातल्या चारशे घरांत माणूस सांगितलेल्या तारखेच्या आसपास गेलाय."

"यंत्राला मरण कसं कळेल, फैयाज?"

"मरण नाही कळत. पाणी कळतं. हृदय थकलं की माणूस रात्री चारदा उठतो, अंघोळीला अर्धीच बादली घेतो, धुणं साठवतो, दुपारचा चहा सोडतो. असे नळ पुढे बंद पडतात, एवढंच तो शिकलाय. घरात दुसरं कोणी असलं तर नळ चालूच राहतो, म्हणून तिथे शून्य येत नाही."

"दहा दिवस आधी," वसुधा हळूच म्हणाली. "दहा दिवसांत माणसाला दवाखान्यात नेता येतं."

"नियम आजच काढून टाकू. जुनी यादी बघायची गरज नाही."

"फेब्रुवारी दाखव."

"मॅडम, नको."

"दाखव म्हणते ना."

वडिलांचं घर यादीत होतं. नऊ तारखेला गणकाने सांगितलं होतं, अठरापासून शून्य. ते गेले अठरालाच. नंतरही नियमाने त्यांची टाकी इमानेइतबारे भरली. आणि वसुधाला आठवलं, ती रोज कामाला बसताना आधी बाबांचं घर पडद्यावर बघायची. 'पाणी पोचलं' दिसलं की तिचा जीव निवांत व्हायचा. फोन उद्यावर जायचा. अठरालाही पाणी पोचलं होतं. एकोणीसलाही. तिला रडू आवरेना, आणि ते आवरावंसंही वाटेना.

फैयाजने पडद्यावरची नोंद बंद करायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. खाली फिटरचा शेरा होता.

'मीटर ठीक. काका एकटेच असतात. पाय सुजलेत, बोलताना दम लागतो. मुलगी आपल्याच खात्यात आहे म्हणाले, पण तिच्या कामाची गडबड आहे, कळवू नका म्हणाले. तरी साहेबांनी बघावं.'

त्याखाली एक ओळ. 'मीटर ठीक असल्याने प्रकरण बंद.' सही वसुधाची होती. अकरा फेब्रुवारीला तिने अशी सव्वीस प्रकरणं न वाचता बंद केली होती.