शेवट बिलकुल पटला न्हाई

अंबडच्या बसस्टँडवर जागा धरायची एक रीत आहे. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, पिशवी, टोपी, जे हाताला लागेल ते आत जातं आणि ज्याची वस्तू त्याची सीट. हा कायदा मोडायची कुणाची छाती नाही. त्या संध्याकाळी दैवशालाचा रुमाल घामाने चिंब होता, पिशवीत पळायचे बूट होते. म्हणून तिने हातातलं पुस्तकच आत भिरकावलं.

आतून "आई गं" असा आवाज आला.

ती वर चढली तेव्हा खिडकीपाशी एक तरुण कपाळ चोळत बसला होता. पुस्तक त्याच्या मांडीवर, आणि शेजारची सीट त्याने हात आडवा ठेवून राखलेली.

"बसा, तुमचीच जागा आहे," तो म्हणाला. "गोळाबिळा फेकता का हो तुम्ही?"

"फेकते. पोलीस भरतीची तयारी करू राह्यले."

"मंग वाचलोच म्हणायचं मी."

दैवशालाला हसू आलं, पण तिने ते पदरात – म्हणजे ओढणीत – लपवलं. बाहेर भादव्याची रिपरिप चालू होती. घनसावंगीकडे जाणाऱ्या त्या गाडीच्या खिडक्या नावालाच बंद होत्या, आणि त्याचा डावा खांदा हळूहळू भिजत होता. "इकडं सरका," ती म्हणाली. तो म्हणाला, "राहू द्या. ठिबकच्या नळ्या विकतो मी. पाणी अंगावर घ्यायची सवय आहे."

त्याचं नाव कल्याण. दुकान अंबडच्या मोंढा बाजारात, गाव तिच्या गावाच्या पुढचं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवर त्याचा रुमाल आधीच पडलेला होता. मग रोजच. भरतीच्या अकॅडमीतली मैत्रीण शालू मागच्या सीटवरून हळूच म्हणायची, "तुझं तर कायमचं रिझर्वेशन झालं गं." दैवशाला तिच्याकडे डोळे वटारून बघायची आणि वळताना नेमका कल्याण गालातल्या गालात हसताना सापडायचा.

एके दिवशी त्याने त्या रुमालाला इतके पीळ घातले की धुण्यालाही कुणी घालत नाही.

"आमचे चुलते... काकासाहेब... रविवारी तुमच्या आबांकडं येऊ म्हणत्यात. मी म्हणलं, थांबा, आधी तिला विचारतो. आलेलं... चालंल का?"

दैवशालाला हो म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण तिला भावनाताई आठवली. तिची आतेबहीण, कबड्डीत जिल्हा गाजवलेली. लग्नाआधी नवऱ्याने शब्द दिला होता, पुढेही खेळत राहा म्हणून. आता तिची पदकं सासरच्या बैठकीत भिंतीवर टांगलेली असतात, दिवाळीला तेवढी पुसली जातात. आलेल्या पाहुण्यांना सासूबाई ती कौतुकाने दाखवतात, हे आणखी वाईट. सरळ विचारलं तर कोणता मुलगा नाही म्हणतो? लग्नाआधी सगळेच उदार असतात.

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. "हे आधी वाचा. पार शेवटापर्यंत. कसं वाटलं ते सांगा, मंग मी सांगते."

हेच ते, त्याच्या कपाळावर आदळलेलं. डोंगरातल्या एका राज्याची, ढाल घेऊन लढणाऱ्या मुलींची कादंबरी. त्यांची म्होरकी वज्रा. पंख असलेल्या लांडग्यांशी लढते, वेशीवर पहारा देते, दरीत पडलेल्या राजपुत्राला पाठीवर वाहून आणते. आणि शेवटी त्याच्याशी लग्न करून ढाल महालाच्या भिंतीवर टांगते. राणी सुखात राहते. त्या शेवटाला सगळी शाळकरी पोरं-पोरी टाळ्या वाजवत असतील, पण दैवशालाने तो एकदा वाचला आणि पुन्हा कधी उघडला नाही. कल्याणला तो शेवट कसा वाटतो, एवढंच तिला हवं होतं.

आठवडा सरत आला तेव्हा तिने विचारलं, "वाचलं का?"

"वाचलं ना. छान आहे."

"अन् शेवट?"

कल्याण जरा अडखळला. "शेवट तर... लई छान."

दैवशाला उठून दाराशी जाऊन उभी राहिली. तिचं गाव आलं, ती मागे न बघता उतरली. मधल्या आठवड्यात काकासाहेबांचा येऊ का म्हणून फोन आला होता. घरी आबांना म्हणाली, "त्या काकासाहेबांना नाही म्हणून कळवा." आबा बघतच राहिले. ती मोरीत जाऊन खूप वेळ तोंड धूत बसली. नाही म्हटल्याचं दुःख नव्हतं. तो आवडायला लागला होता, ह्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी रुमालाची जागा होती, पण ती गेली नाही. मागे दांडी धरून उभी राहिली. गाडी सुटली तसा कल्याण उठून गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत आला. त्याच्या दोन्ही जागा पटापट भरल्या. त्याने वळूनही पाहिलं नाही.

"मी काल खोटं बोललो," तो म्हणाला. "शेवट वाचलाच नव्हता. पुस्तक संपलं की तुमचं उत्तर येणार... ते न्हाई असलं तर? म्हणून शेवटची पानं तशीच ठेवली. तुम्ही अचानक विचारलं अन् तोंडातून छान निघून गेलं."

दैवशालाने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आज दुकानात बसून वाचलं. आता खरं सांगतो. तुमचं आवडतं पुस्तक दिसतंय, पानं हाताळून मऊ झालीत. तुम्हाला राग येईल. आला तर येऊ द्या... पण शेवट मला बिलकुल पटला न्हाई."

तिने दांडी घट्ट धरली. "कामून?"

"अहो, सारं पुस्तकभर ती लढली. त्याला पाठीवर घेऊन आली. अन् लग्न झालं की ढाल भिंतीवर? मंग वेशीवर उभं कोण राहणार, तो? त्याला धड घोड्यावर बसता येत न्हाई. मी असतो तर म्हणलो असतो, तू जाय पहाऱ्यावर, मी भाकरी बांधून देतो."

"येतात का भाकरी?"

"फाटतात," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण खाता येतात."

दैवशालाने इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या म्हातारीने वळून पाहिलं. ती हसली, आणि ह्या वेळी ओढणी तोंडाशी नेली नाही.

"शेवट मलाही आवडत नाही," ती म्हणाली.

"तरीच. शेवटचीच पानं तेवढी कोरी करकरीत होती."

तेवढ्यात तिला आबा आठवले. तिने घाईघाईने फोन लावला. "आबा, काकासाहेबांना फोन केला का तुम्ही?"

पलीकडे आबा खाकरले. "न्हाई केला. तुझी आई म्हणली, ज्याला न्हाई म्हणून पोरगी रडती, त्याला फोन करायची जल्दी करू नका."

दैवशालाचे डोळे भरून आले. तिने फोन ठेवला आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहिली. ऊस, पाणी, पुन्हा ऊस. कल्याण काही न विचारता तिच्यात आणि गर्दीत आपला खांदा घालून उभा होता.

"रविवारी दुपारून या म्हणावं," ती शेवटी म्हणाली. "सकाळी मी पळायला जाते. अन् लग्न भरती झाल्यावर."

"बराबर," तो म्हणाला.

"एक राह्यलं. तुमच्या बैठकीच्या भिंतीला खिळे किती आहेत?"

तो क्षणभर गोंधळला. मग त्याला कळलं. "मातीची भिंत आहे आमची. खिळा टिकतच न्हाई. काही टांगायचं असंल तर... टांगता यायचं न्हाई."

पुढे दोघं उतरायला उठली. दोन सीट मोकळ्या झाल्या आणि चार माणसं तिकडे वळली. दैवशालाने कल्याणच्या हातातलं पुस्तक घेतलं, नेम धरला आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून फेकलं. ते बरोबर सीटवर पडलं. माणसं जागच्या जागी थांबली, कारण कायदा म्हणजे कायदा.

"चला," ती म्हणाली, "आपली जागा धरली."