पूर्ण मापाची खिडकी

रोज सकाळी कुमुदताईंच्या मनातल्या खिडक्या उघडत, आणि रोज त्यांतली एकच खिडकी बाकी सगळ्यांना झाकून टाकी. मग शेजारी चहा घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला त्या विचारत, "कोण आपण?"

विस्मृतीच्या रुग्णांच्या मेंदूत त्या काळी मांडणीस बसवला जाई. चिटणीस, फडणीस, तसा हा मांडणीस. तांदळाच्या दाण्याएवढा हा कारभारी, माणूस जागा होताना, एकेक आठवण चौकटीत उघडी आणि शेजारीशेजारी लावून ठेवी: हे घर, हा नवरा, हा आजचा वार. हजारोंचं त्यानं भलं केलं होतं. कुमुदताईंची एक खिडकी मात्र उघडतानाच पूर्ण मापाची होई आणि दुपारी आपोआप विरेपर्यंत हटत नसे. महिनाभर हे सोसून त्यांच्या नवऱ्याचा, मोरेश्वर तोडणकरांचा, धीर सुटत चालला होता.

"आधी वाटलं, खिडक्या उघडायचा क्रम चुकतोय," मांडणीस घडवणारी डॉ. अन्विता ढेकणे म्हणाली. "तो बदलला, उपयोग नाही. मग मापांची नोंद तपासली. काका, प्रत्येक मोठ्या खिडकीला आधीचं एक लहान माप असतं. ते शोधून मांडणीस खिडकी आवरतो. हिला लहान मापच नाही."

"म्हणजे काय झालं?"

"तो क्षण घडला, तेव्हा काकूंच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. लाखो खिडक्या तपासल्यात मी. अशी ही पहिलीच." तिचा आवाज आपोआप खाली आला होता. "मी लहान माप टाकते. उद्यापासून त्या तुम्हाला ओळखतील. पण ती खिडकी पुन्हा कधीच एवढी होणार नाही."

"टाक की मग. पण आहे काय तीत, बघू तरी."

पडद्यावर ओहोटीची खाडी उजळली. गुडघाभर चिखलात विशी-पंचविशीतला एक पोरगा तिसऱ्यांचे शिंपले वेचत होता. त्यानं मान वर करून काठावरच्या अनोळखी मुलीकडे पाहिलं आणि हसला. त्यासरशी खाडी, काठ, आभाळ सगळं पुसलं गेलं. चारी कडांपर्यंत नुसता तो चेहरा उरला.

मोरेश्वररावांनी आपलाच तरुणपणीचा चेहरा ओळखला. एवढे मोठे आपण कुणाच्या मनात होतो, हे पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना कधी कळलंच नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले.

"काका, रोज सकाळी त्या तुम्हाला ओळखणार नाहीत."

"न का ओळखेना. त्याला ओळखते ना?"

दुसऱ्या दिवशी ते चहा घेऊन उभे राहिले.

"कोण आपण?"

"तोडणकरांकडे आलो होतो."

"मग बसा ना! खाडीवर गेलेत, येतीलच एवढ्यात." कुमुदताईंचा चेहरा नुसता फुलला होता.

मोरेश्वरराव बसले. चहा निवला. तिची खात्री एवढी होती, की थोड्या वेळानं तेही दाराकडे पाहू लागले, आणि तो खरंच आला तर आपण कुठं जायचं, हे त्यांना सुचेना.