दरबुक्याची ऊब

वदीदाच्या गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं फहीमच्या कोटाच्या खिशात होती. त्यासाठीच तो तान्त्याहून कैरोला आला होता. पण वहिनीच्या कचेरीत कॉफीचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच 'नुजूम' हॉलचा मालक अर्तीन धापा टाकत जिना चढून आला.

"मादाम बहिजा, कॅसेट गेली. माझं वाटोळं झालं."

"बसा. कुठली कॅसेट?"

बहिजा ही फहीमच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. तिनं आयुष्यभर विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे उघडे पाडले आणि नवरा गेल्यावर खासगी तपासासाठी स्वतःच्या नावाची पितळी पाटी लावली. तिचा आवाज कधी चढत नसे. समोरचा जितका घाईत, तितकी ती सावकाश.

अर्तीन सांगू लागला. उस्ताद मितवल्ली वसंतात वारले. मरणाआधी त्यांनी शेवटची चाल स्वतःच्या आवाजात एका कॅसेटवर भरून वदीदाला दिली. दुसरी प्रत नाही, कुठे लिहिलेली नाही. वदीदा कित्येक वर्षांनी पुन्हा गायला उभी राहत होती. आज 'नुजूम'मध्ये जुनी गाणी, आणि उद्या स्टुडिओत हे नवं. आज दुपारी वादकांना ती चाल पहिल्यांदा ऐकवायची, असं ठरलं होतं. वदीदा माइक तपासायला रंगमंचावर गेली. परत रंगपटात आली, तर टेपरेकॉर्डरचं झाकण उघडं आणि आत काही नाही.

"त्याच क्षणी मी बाहेरचं दार लावलं," अर्तीन म्हणाला. "दारवान शपथेवर सांगतो, कोणी बाहेर गेलेलं नाही. सगळ्यांची झडती घेतली, माझीसुद्धा. कोट, पेट्या, वाद्यांच्या खोळी. काही नाही. आणि खोलीची किल्ली असते नबावियाकडे. बाईंचे कपडे बघणारी. पडदा वर जायच्या आत कॅसेट मिळाली नाही, तर तिला चौकीत देणार मी."

"वदीदाबाई काय म्हणतात?"

"गप्प आहेत."

बहिजाने पर्स उचलली. "चला, भावजी. तिकिटं आहेत ना तुमच्याकडे? आपण जरा लवकर जाऊ."

इमादुद्दीन रस्त्यावर भुरभुर पाऊस होता. अजून अंधार पडला नव्हता, तरी पाट्यांचे दिवे लागू लागले होते. कुठल्याशा वरच्या मजल्यावर कोणी ऊदाच्या तारा जुळवत होतं, आणि खाली डाळ-भाताची कोशरी विकणारा त्याच्या सुरात पळी आपटत होता. फहीमला वाटलं, इथे नुसतं उभं राहिलं तरी तिकिटाचे पैसे वसूल.

नबाविया रंगपटाच्या दारापाशी स्टुलावर बसली होती. हिरवा झगा मांडीवर, डोळे कोरडे.

"वदीदा पोर होती तेव्हापासून तिच्या पाठीचे हुक लावतेय मी," ती म्हणाली. "आज दुपारपासून ती माझ्याकडे बघत नाहीये. चौकीचं मला भय नाही, मादाम. पण पुढच्या शुक्रवारी माझ्या मुलीचं लग्न आहे. चोराची मुलगी कोण करून घेईल?"

"किल्ली कुठे होती?"

"दारालाच. झगा इस्त्री करायला बोळात आणला, दोन्ही हात भरलेले. मी पाठमोरी होते. मागून तिघं गेले-आले. अर्तीन, तो ऑर्गनवाला पोरगा, आणि शलबी. कोण आत शिरलं ते मी पाहिलं नाही. असं सांगितलं की सगळे म्हणतात, थापा मारते."

बहिजाने मान हलवली आणि आत गेली.

वदीदा आरशासमोर होती. आरशातूनच बोलली. "नबावियाने घेतली असं मला वाटत नाही. पण किल्ली तिच्याकडे होती."

"कॅसेटवर नेमकं काय आहे?"

"उस्ताद गातायत. खोकतायत. मध्येच सूचना देतायत."

"कोणाला?"

वदीदाने पावडरचा डबा मिटला. "मला. वादकांना. शेवटच्या आजारपणात घरीच भरली त्यांनी. शलबीकाका रोज जायचे त्यांच्याकडे, त्यांना विचारा. ते आमचे दरबुकावाले, उभट ढोलावर ताल धरतात."

"उद्या स्टुडिओत तेच वाजवणार?"

"नाही. रामेझ. त्याच्या ऑर्गनच्या यंत्रातून सगळा ताल येतो. कंपनीची अट आहे. काकांना परवा सांगितलं मी. हसले. म्हणाले, बरं झालं बेटा, माझी बोटं म्हातारी झाली."

वादकांच्या खोलीत गारठा होता. कोपऱ्यात जमिनीवर एक लाकडी खोकं होतं आणि त्यात एक मोठा बल्ब उघडाच जळत होता. फहीमने आखडलेले हात त्यावर धरले.

"शेका, शेका," ऑर्गनमागून रामेझ हसला. पंचविशीतला, केसांना तेल. "शलबीकाकांची शेगडी आहे ती. एरवी तिच्यावर दरबुका बसवतात, बल्ब पोटात घालून, कोंबडी अंड्यावर बसते तसा. माशाचं कातडं ना, दमट हवेत सैल पडतं. मी किती सांगितलं, काका, प्लास्टिकचं पान लावा. मला म्हणाले, तुझ्या आजीला लाव."

"कॅसेट तू मागितली होतीस का?" बहिजाने विचारलं.

"मागितली. ताल यंत्रात भरायला. बाई म्हणाल्या, आज ऐकव­ल्यावर घरी ने. रात्री जी चीज हातात मिळणार, ती दुपारी चोरायला मी गाढव आहे का?"

"ऑर्गन उघडून पाहायला हवा," फहीम वहिनीच्या कानात म्हणाला. कुजबुज जरा मोठीच झाली.

"उघडा की," रामेझ म्हणाला. "अर्तीनने उघडलाच होता. आता दोन स्वर मुके झालेत. उरलेले तुम्ही करा."

अर्तीन हॉलमध्ये खुर्च्या सरळ करत होता. बहिजाने त्याला झडतीबद्दल विचारलं.

"काही सोडलं नाही मी. ऊद हलवून पाहिला. दरबुक्याच्या बुडातून वर डोकावलो, तर कातड्यातून दिव्याचा उजेड दिसला, आरपार रिकामा. आणि माझ्यावर संशय असेल तर ऐका. हॉलची सगळी तिकिटं या बाईच्या नावावर गेलीत. ती बुडाली तर मी आधी बुडतो." मग तो पडद्याकडे तोंड करून ओरडला, "अहो काका! मघाशी वाजवलात तो आवाज काय होता? घुमत नाहीये आज. सर्दी झाल्यासारखा येतोय."

"हवाच तशी आहे!" पडद्याआडून उत्तर आलं.

बोळाच्या टोकाला, हुक्क्याचे निखारे फुलवायच्या जागी, शलबीकाका उकिडवे बसले होते. पांढऱ्या मिशा, गुडघ्यावर शाल. दरबुका कातड्याकडून निखाऱ्यांवर धरून हळूहळू फिरवत होते. शेजारी वेटर करवादत होता.

"गिऱ्हाइकं हुक्के मागतायत आणि हे आमचे निखारे अडवून बसलेत. रोज नाही, आजच सुचलं."

"जा रे, दोन निखाऱ्यांनी भिकेला लागत नाहीस," काका म्हणाले.

फहीमला आपल्या गावची लग्नं आठवली. तिथेही वादक असेच अंगणात जाळ करून कातडं तापवत. त्याने प्रेमाने काकांचा हात हातात घेतला. तळवा निबर, पण दोन बोटांच्या पेरांभोवती कातडी पांढरीफटक आणि मऊ होती, नुकत्याच न्हालेल्या पोराच्या बोटांसारखी.

"उस्ताद मितवल्ली तुमचे मित्र होते?" बहिजाने विचारलं.

"मित्र? त्याने पहिली चाल बांधली तेव्हा ताल धरायला मी होतो. शेवटची बांधली तेव्हाही." काकांनी दरबुका छातीशी घेतला. "नबावियाने काही केलेलं नाही, मादाम. तिला सोडा."

"मग कोणी केलं?"

काकांनी निखाऱ्यांकडे पाहिलं. "ते तुमचं काम."

बाहेर आल्यावर फहीमने खिशातून तान्त्याच्या भाजलेल्या चण्यांची पुडी काढली. "वहिनी, अर्तीनच तो. जो सगळ्यांची झडती घेतो, त्याची झडती कोण घेणार?"

"भावजी, मघाशी हात शेकलेत ना? बरं वाटलं?"

"हो. पण त्याचं काय?"

"बल्ब उघडा होता म्हणून शेकता आले." बहिजाने दोन चणे उचलले. "सगळ्यांना रंगमंचावर बोलवा. आणि ते खोकंही आणायला सांगा."

पडद्यामागे सगळे जमले तेव्हा बाहेर पहिली गिऱ्हाइकं खुर्च्या ओढू लागली होती. वदीदा हिरव्या झग्यात होती, पाठीचे हुक अजून उघडे. नबाविया दाराशी उभी. तिच्या मागे अर्तीनने दारवानाला उभं केलं होतं. मधोमध खोक्यातला बल्ब जळत होता.

"शलबीकाका," बहिजा म्हणाली, "वेळ झाली. दरबुका ठेवा ना बल्बवर."

काका हलले नाहीत. "निखाऱ्यांवर तापलाय तो."

"मग थोडा आणखी तापेल. रोज तर ठेवता. ठेवा."

रामेझ हसू लागला आणि मध्येच थांबला. काकांनी दोन्ही हातांनी दरबुका पोटाशी धरला होता. तान्हं मूल कोणी मागावं आणि आईने देऊ नये, तसा.

"नाही ठेवणार ना?" बहिजाचा आवाज तसाच होता. "ऐका मग. कॅसेट या हॉलबाहेर गेलेली नाही, हे अर्तीनच सांगतो. म्हणजे नीट न पाहिलेल्या जागी ती आहे. नबाविया खोलीत रोज एकटी असते. तिला कॅसेट हवी असती, तर हॉल माणसांनी भरलेला असताना, स्वतःच्या किल्लीने का चोरील? सावकाश नक्कल करून जागच्या जागी ठेवली असती. रामेझला ती रात्री मिळणारच होती. अर्तीनला वदीदाबाई गायल्या तरच फायदा. उरलं कोण?"

बहिजाने खोक्याकडे बोट केलं.

"कोपऱ्यात बल्ब जळत होता, पण त्यावर दरबुका नव्हता. नेहमीप्रमाणे काकांनी आल्या आल्या दिवा लावला. मग असं काही घडलं की दरबुका काढावा लागला, आणि गडबडीत दिवा विझवायचा राहिला. एवढ्या दमट दिवशी स्वतःची शेगडी मोकळी सोडून वेटरच्या शिव्या खात निखारे का गाठायचे? निखारे कातड्याला बाहेरून तापवतात. बल्ब आतून. आत असं काही होतं, की जे उष्णतेने वितळलं असतं."

"पण मी आत पाहिलं!" अर्तीन म्हणाला.

"खालून पाहिलंत. दरबुक्याचा गळा अरुंद, वर पोट फुगीर. गळ्यातून फक्त कातडं दिसतं, पोटाच्या कडेला काय चिकटवलंय ते नाही. आवाज घुमत नाही, हे तुम्हीच ओरडून सांगितलंत. चिकटवलं कशाने, त्याची खूण भावजींनी हातात धरली होती. दरबुकावाले बोटांना चिकटपट्टी गुंडाळतात. काकांच्या दोन बोटांवर ती कायम असते, म्हणून तिथली कातडी पांढरी राहिलीय. आज कार्यक्रमाच्या दिवशी मात्र बोटं उघडी."

फहीमने नकळत स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

काका खाली बसले. दरबुका आडवा करून त्यांनी बुडातून हात आत घातला. पट्टी सुटल्याचा चर्र आवाज आला. त्यांनी कॅसेट शालीच्या टोकाने पुसली आणि जमिनीवर ठेवली.

"उद्याचं रेकॉर्डिंग हुकावं, एवढंच हवं होतं," ते म्हणाले. "पुढचं काही ठरवलं नव्हतं."

"आणि नबावियाला चौकीत नेलं असतं तर?"

"नेऊ दिलं नसतं."

"नेत होते, काका. तुम्ही निखारे फुलवत होतात." बहिजाने बल्बकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक मात्र खरं. तुम्ही दरबुका त्या बल्बवर ठेवला असतात, तर मला काहीच सुचलं नसतं. प्लास्टिक वितळलं असतं, रेकॉर्डिंगही कायमचं हुकलं असतं."

"त्यात त्याचा आवाज आहे," शलबीकाका म्हणाले.

बहिजाने कॅसेट उचलून वदीदापुढे धरली. "वादकांना सूचना, म्हणालात. कुठल्या वादकाला? लावा."

वदीदाने टेपरेकॉर्डर आणला. फीत बरीच पुढे नेली आणि बटण दाबलं. थकलेला, घोगरा आवाज एका ओळीवर येऊन थांबला. खोकला. मग अगदी जवळून, जणू खाटेवरून: "शलबी, इथे तू एकटा. मी गप्प बसतो."

पुढे फीत नुसती सरसरत राहिली. उस्तादांनी मोकळी सोडलेली जागा.

"हे मी ऐकलं होतं," वदीदा म्हणाली. "पहिल्याच दिवशी." तिने रामेझकडे पाहिलं. "उद्या ताल काका धरतील. कंपनीला नको असेल तर कंपनीच नको. आणि चौकी वगैरे काही नाही, अर्तीन. चीज माझी होती."

रामेझने खांदे उडवले. "चालेल. तेवढ्या जागेत माझं यंत्र बिडी ओढून येईल."

शलबीकाका उठून नबावियासमोर गेले. "नबाविया, माझी चूक—"

"शुक्रवारी माझ्या मुलीच्या लग्नात वाजवायचं," ती म्हणाली. "वरातीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत. फुकट. मग बघू चूक-बिक."

"वाजवीन."

"आणि चिकटपट्टी लावून या."

बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. वदीदाने पाठ वळवली. "नबाविया, हुक."

नबाविया जागची हलली नाही. "आधी माझ्याकडे बघ."

वदीदा वळली. आरशातून नाही, सरळ. काजळ लावलेले डोळे भरून आले, तरी तिने ते हटवले नाहीत. बरंच बघून झाल्यावर नबाविया पुढे आली, तिला खांदे धरून फिरवलं आणि खालून वर एकेक हुक लावू लागली.

"सरळ उभी राहा. पोट सुटलंय बाईला."

शलबीकाकांनी दरबुका खोक्यावर उभा केला. बल्ब त्याच्या पोटात गेला आणि कातडं आतून केशरी उजळलं.

फहीम आणि बहिजा आपल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. पडदा वर गेला. पहिली थाप पडली ती हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आली, आणि फहीमच्या हातातली चण्यांची पुडी तशीच राहिली.

"घुमतोय आता," तो म्हणाला.

"गप्प बसा, भावजी," बहिजा म्हणाली. "ऐकायला आलोय आपण."