नाओच्या पाठीवर

या कागदी फितींचे तुकडे मागाहून गोळा करा रे. बसा जरा. आज सोळा ऑगस्ट, पितरांना निरोप द्यायची रात्र, आणि जहाजही आत्ताच धक्का सोडून गेलंय. अशा रात्री मुराकीची आठवण काढली नाही तर तो मला झोपू देणार नाही. टॅक्सीवाला मुराकी. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. गळाला लागलेल्या मासळीचा आकार सोडला तर जन्मात खोटं बोलला नाही बिचारा.

अशाच सोळा तारखेला, दुपार कलताना, त्याला धक्क्यावर तिघांची सवारी मिळाली. साकुमा, त्याची बायको चिझुरू आणि सहा वर्षांची नाओ. जहाज एका दिवसापुरतं लागलेलं. बाकीचे प्रवासी खेकडे खायला बाजारात पळाले. यांना टेकडीवरच्या समाध्यांकडे जायचं होतं. चिझुरूची आई, फुमीबाई, आपल्याच गावची. त्या वसंतात वारली. 'आपल्या बंदरातून एकदा मोठ्या जहाजात बसून निघायचंय' हा एकच ध्यास होता तिचा. तिकीटही काढून झालं होतं. जहाजावरची तिची खाट रिकामी ठेवून हे तिघं आले होते.

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. तेरा तारखेला समाधीकडे पाठ करायची, हात मागे धरायचे, नाव घेऊन म्हणायचं, 'या, बसा पाठीवर.' घरी आणायचं. आणि सोळाला पाण्याशी नेऊन उतरवायचं. आजीनेच नाओला ती खेळता खेळता शिकवली होती. पण अर्धीच, पाठीवर घ्यायची तेवढी.

आईबाप समाधी धूत होते. पोरगी हातभर अंतरावरच्या एका गुडघाभर दगडाकडे पाठ करून उभी राहिली. बिननावाचा दगड, शेवाळलेला.

"आजी, बस गं. तुला जहाज दाखवते."

मुराकी पाण्याची बादली घेऊन शेजारीच होता. "अगं शहाणे, तुझी आजी पलीकडे."

"आजी बुटकी होती," नाओ म्हणाली. "म्हणून हा बुटका दगड तिचाच."

मुराकी पोट धरून हसला. काय हसतोस, शुंपेई? तूही हसला असतास तिथं.

टेकडी उतरताना नाओ वाकून चालत होती. टॅक्सीत पाठ टेकेना.

"नीट बस गं," आई म्हणाली.

"आजी चेंगरेल ना."

साकुमा म्हणाला, "म्हणजे आता सासूबाईंचंही भाडं लागणार का हो?"

"सासूबाई फुकट," मुराकी म्हणाला. "जावयाला दुप्पट."

हसले सगळे. नाओ तेवढी हसली नाही.

"आई, आजी ओली आहे."

कोणी लक्ष दिलं नाही.

"आई... आजीचे हात एवढेसे का झाले?"

मुराकीने आरशात पाहिलं. पोरीच्या पाठीवर कोणी नव्हतं. पण तिच्या फ्रॉकचा गळा मागे ओढला गेला होता. मागून कोणी लोंबकळत असावं, तसा.

धक्क्यावर पोचले तेव्हा अंधारत होतं. जहाजाचा पहिला भोंगा झाला. नाओने गाडीबाहेर पाय टाकला आणि गुडघ्यांवर कोसळली. ओठ निळे पडले होते. बापाने उचलायला हात घातले... उचलेना. सहा वर्षांची पोर, उचलेना! "जहाजावरच्या डॉक्टरला आणतो," ओरडत तो शिडीकडे धावला.

चिझुरूने मुराकीची बाही धरली. "काका, तुम्ही इथले आहात. काहीतरी करा. मरेल हो ती!"

तो नाओजवळ वाकला. "बाळा, पाण्याशी चल. नाव घे आणि उतर म्हण."

"त्याला नाव नाहीये..."

"त्याला?"

नाओ मान कलती करून ऐकत होती.

"तो म्हणतो, पाण्याशी नको... पाण्यातूनच आलोय."

दुसरा भोंगा. पोरीचा श्वास घरघरायला लागला.

मग चिझुरूने लेकीकडे पाठ केली. धक्क्याच्या फरशीवर गुडघे टेकले. हात मागे धरले.

"ये," ती म्हणाली. "माझ्याकडे ये. मी आई आहे. तिला सोड... सोड रे राजा. ये."

काही नाही.

काहीच नाही...

मग तिचे खांदे खाली दबले. आणि नाओने भोकाड पसरलं. मुराकी म्हणायचा, तसलं गोड रडणं जन्मात ऐकलं नाही.

साकुमा डॉक्टरला घेऊन आला, तोवर पोर बरी होती. शिडी काढायची घाई. तिघं चढले. चिझुरू वाकून चढली. एकेक पायरी.

वरून निरोपाच्या कागदी फिती सुटल्या, एक टोक वरच्याच्या हातात, दुसरं धक्क्यावरच्याने झेलायचं. चिझुरूची लाल. मी दोर सोडायला धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होतो, मी नाही पाहिलं. मुराकीने पाहिलं. तो ती झेलायला धावला... तोवर फीत कोणीतरी धरली होती. धक्क्यावर, रिकाम्या जागी. बुटक्या बाईच्या हाताएवढ्या उंचीवर. ताणलेली.

जहाज हललं. सगळ्यांच्या फिती तटातट तुटल्या. ती नाही तुटली. चिझुरूचे ओठ हलले, 'आई' म्हटल्यासारखे. फीत तिच्या हातातून सुटली... आणि वाकलेली चिझुरू ताठ उभी राहिली.

सकाळी मुराकी मला टेकडीवर घेऊन गेला. एवढं तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तो बुटका दगड आता हातभर अंतरावर नव्हता. फुमीबाईंच्या दगडाला मागून टेकला होता. दोघांभोवती लाल फीत होती, खाऱ्या पाण्यात भिजलेली, कागदाची असून कुठे न फाटलेली. जहाजं दोराने धक्क्याला बांधण्यात माझा जन्म गेला, गाठी मला कळतात. ही धक्क्यावरची गाठ नव्हती. बाया तान्ह्याला पाठीशी बांधतात ना, छातीवर फुली घालून... तशी होती.