उटण्याची वाटी

"तिळगूळ घ्या, गोड बोला!"

मुरूमच्या एसटी स्टँडावर एक उंच, सावळा अनोळखी माणूस सगळ्या बाकाला तिळगूळ वाटत माझ्यापर्यंत आला. मी हात मागं घेतला.

"न्हाय घेत मी. तिळानं ओठ सुजतात."

"म्हंजे गोड बोलणार न्हाय?" तो हसला. हसताना त्याच्या गालाला… छे, मी बघितलंच नव्हतं!

"गोड बोलाया तीळ कशाला लागतो?"

मी तिथल्या सहकारी दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायची आणि जीभ माझी पहिल्यापासून तिखट. तो सिद्धलिंग, सोलापूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली तपासण्या करायचा. त्यानं हसणं थांबवलं.

"आणखी कधी सुजतं?"

"मला बघाया पाव्हणे आले की."

दोनदा तसंच झालं होतं. पाहुणे ओसरीवर आणि आत माझं तोंड भोपळ्यासारखं, अंगभर गांधी उठलेल्या! दोन्ही स्थळं मोडली. कुणी करणी म्हणालं, कुणी रोग. अप्पांनी तर मला ईट गावच्या, दोन पोरांच्या बिजवराला देण्याचं ठरवत आणलं होतं. हे सगळं मी परक्या माणसाला का सांगत होते, देव जाणे. पण तो इतकं मन लावून ऐकत होता…

"पाव्हणे यायच्या आधी काय करता?"

"अव्वा उटणं लावती. पोर उजळ दिसावी म्हणून. तिळाचं—"

मी मधेच थांबले. माझ्या आईच्या मायेनंच माझी दोन्ही स्थळं मोडली होती!

"पण तपासल्याबिगर बोलू नका," तो म्हणाला. "दूध नुसतं बघून फॅट सांगता का तुम्ही?"

आठवड्यानं अप्पांना घेऊन मी सोलापूर गाठलं. सिद्धलिंगनं माझ्या हातावर पाण्याचा आणि तीळ, शेंगदाणा, गहू यांच्या अर्कांचे थेंब ठेवले आणि प्रत्येकावर सुईची हलकी टोच दिली. दर टोचीला माझ्याआधी तोच 'स्स' करत होता.

"भ्या कुणाला वाटतंय? मला की तुम्हाला?"

"तुम्ही गप बसा बरं!" त्याचे कान लाल झाले.

पंधरा मिनिटांत तिळाची गांध टरारून फुगली. शेंगदाण्याचीही बारीकशी उठली. पाणी, गहू सपाट. शेंगाचटणीही गेली म्हणून मला रडूच आलं.

"गांध म्हणजे निकाल नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाऊन बघायचं, पण इथंच, माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी शेंगदाणा. आधी कणभर, मग थोडा, मग मूठभर. काही झालं नाही! तिसऱ्या दिवशी इंजेक्शन भरून शेजारी ठेवलं आणि तीळ दिला. चिमटीभरातच ओठ टम्म फुगले, खोकला सुटला. बाईंनी लगेच इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. सिद्धलिंग दारातून हलला नाही.

"अप्पा," सुजल्या ओठांनी मी म्हणाले, "करणी न्हाय, रोग न्हाय. तीळ हाय तीळ!"

अप्पांनी पटक्यानं डोळे पुसले. "ईटवाल्याला आजच नकार कळवतो."

पाडव्याच्या सुमारास नवे पाहुणे आले. सवयीनं अव्वा उटण्याची वाटी घेऊन पुढं झाली. मी ती काढून घेतली आणि म्हशीच्या आंबोणात रिकामी केली. नुसत्या पाण्यानं तोंड धुतलं आणि ताठ मानेनं ओसरीवर गेले.

सिद्धलिंग बसला होता, आईला घेऊन!

"पोरगी नीट बघून घे," त्याची आई म्हणाली.

"बघितलीय की," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "ओठ सुजलेले असताना. तवाच ठरवलंय."

सगळी ओसरी हसली. मला कुठं बघावं कळेना. मग त्यानं खिशातून पुडी काढली. शेंगदाण्याचा लाडू होता.

"घ्या… आन् गोड बोला."

मी सगळ्यांदेखत तो लाडू खाल्ला, अख्खा.

"गोड-बीड जमणार न्हाय," मी म्हणाले. "जन्मभर तिखटच बोलीन. चालंल?"

"पळंल!"